किमो आणि शेक एकत्र: फुप्फुसाच्या कर्करोगातले सहा आठवडे

फुप्फुसातली गाठ छातीच्या मधल्या लिम्फ नोडपर्यंत पोचली आहे, छातीबाहेर कुठे पसरलेली नाही, पण ऑपरेशन करून सगळी निघेल अशीही नाही. नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या कर्करोगात तिसऱ्या टप्प्याचे बरेचसे रुग्ण या अवस्थेत असतात. त्यांना किमोथेरपी आणि रेडिएशन, म्हणजे शेक, एकाच वेळी द्यायचा सल्ला मिळतो आणि घरात पहिला प्रश्न निघतो, ‘दोन्ही एकदम कशाला? एक झालं की दुसरं घेऊ.’ प्रश्न रास्त आहे. एकत्र उपचाराचा त्रास जास्त असतो, यात काही लपवण्यासारखं नाही. पण हे उपचार आजार बरा करण्याच्या उद्देशाने दिले जातात, नुसता त्रास कमी करण्यासाठी नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत घरच्यांच्या कानावर स्पष्ट पडायला हवी, कारण पुढचे सहा आठवडे रेटून नेण्याचं बळ त्यातूनच येतं.

आधी आकडे. आरटीओजी ९४१० या चाचणीत आधी किमो आणि मग शेक असे उपचार घेतलेल्यांपैकी ५ वर्षांनी १० टक्के रुग्ण हयात होते, तर पहिल्या दिवसापासून दोन्ही एकत्र घेतलेल्यांपैकी १६ टक्के. अशा सहा चाचण्यांमधल्या १,२०५ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१० साली विश्लेषण झालं, त्यातही ५ वर्षांचा फायदा ४.५ टक्क्यांचा निघाला. आकडा लहान दिसतो, पण शंभरातले हे चार-पाच जण कोणाच्या तरी घरातलेच असतात. त्याच विश्लेषणात अन्ननलिकेच्या तीव्र दाहाचं प्रमाण ४ वरून १८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. फुप्फुसाच्या दाहात मात्र तितका फरक पडला नाही. म्हणजे या फायद्याची किंमत मुख्यतः घशाखालची नळी मोजते, आणि खालचं बरंचसं लिखाण तिच्याभोवती फिरणार आहे ते त्यामुळेच.

एकत्र दिल्याने फायदा का होतो? रेडिएशन पेशीतल्या डीएनएचे तुकडे करतं आणि पेशी ते लगेच सांधायला घेते. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन हे किमोचं औषध डीएनएच्या धाग्यांना एकमेकांशी जखडतं, त्यामुळे सांधण्याचं काम अडतं. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकवून ठेवतं, आणि नेमक्या त्याच अवस्थेत पेशी रेडिएशनला सर्वांत हळवी असते. शिवाय रक्तातून फिरणारं औषध छातीबाहेर निसटलेल्या बारीक पेशींवर पहिल्या दिवसापासून काम करतं, तिथे शेक पोचत नाही. वेळेचाही भाग आहे. उपचार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या कर्करोगपेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. म्हणून एकूण मुदत लांबली की तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होतो. यातला सगळा खटाटोप शेवटी कॅलेंडर सांभाळण्याचा आहे.

हे उपचार सगळ्यांना झेपत नाहीत. रुग्ण हिंडता-फिरता असावा, मागच्या काही महिन्यांत वजन फार उतरलेलं नसावं, फुप्फुसांची क्षमता बरी असावी. त्यासाठी श्वासाच्या चाचणीत एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते, बघतात आणि डीएलसीओसुद्धा. हा दुसरा आकडा पुष्कळदा राहून जातो. नुसती फुंकर बरी आली म्हणून समाधान मानू नये; फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन किती जातो याचा अंदाज डीएलसीओ देतं. पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय सुरुवातीलाच हवा. मेंदूत लहानशी गाठ असेल तर सगळी योजनाच बदलते, आणि ती सहा आठवड्यांनंतर कळण्यात काही अर्थ नाही. मधल्या लिम्फ नोडमध्ये आजार आहे की नुसती सूज, याची शंका असेल तर दुर्बिणीतून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने तुकडा घेतात. तो तुकडा पुरेसा मोठा घ्यायला सांगा. ईजीएफआर व एएलके या जनुकांतले बदल आणि पेशीवरचं पीडी-एल१ हे प्रथिन यांच्या तपासण्या त्यातूनच होतात आणि शेक संपल्यावरचा निर्णय त्यांच्यावर ठरतो.

आता नियोजनाचा सीटी. रुग्णाला दोन्ही हात डोक्यावर धरून आडवं निजवतात आणि पुढचे तीस दिवस रोज तसंच निजायचं असतं. मशीनवरचा वेळ एरवी १०-१५ मिनिटांचा, पण खांदा आखडलेला असेल तर ती पंधरा मिनिटं जड जातात. म्हणून पहिल्या सीटीच्या आधी आठवडाभर घरी हात वर करून निजण्याचा सराव करावा, आणि दुखत असेल तर अर्धा तास आधी वेदनाशामक घ्यावं. हात निम्म्यातच खाली सरकला की छातीवरच्या खुणा हलतात आणि त्या दिवशी सगळी मांडणी नव्याने करावी लागते. सीटी चौमितीय असावा, म्हणजे श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावर गाठ कुठे असते ते त्यात टिपलं जातं. खालच्या भागातली, छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळची गाठ श्वासासरशी सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त वर-खाली होते. एकाच क्षणाचा सीटी घेऊन आखणी केली तर रोज गाठीचा एखादा काठ शेकाबाहेर राहू शकतो.

डोस ठरलेला आहे: रोज २ ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसचं एकक), आठवड्यातून ५ दिवस, ३० वेळा, एकूण ६० ग्रे. ‘जास्त दिला तर जास्त फायदा होईल ना?’ असं पुष्कळ जण विचारतात. ते तपासून झालंय. आरटीओजी ०६१७ या चाचणीत, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, ७४ ग्रे घेतलेल्या गटाचं मध्यमान आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २०.३ महिने आलं आणि ६० ग्रे घेतलेल्यांचं २८.७ महिने. जास्तीचा डोस हृदयाला आणि अन्ननलिकेला गेला, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. त्याच चाचणीत आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या तंत्राने शेक घेतलेल्यांत फुप्फुसाचा गंभीर दाह ३.५ टक्के होता, जुन्या त्रिमितीय तंत्राने घेतलेल्यांत ७.९ टक्के. आयएमआरटी उपलब्ध असेल तर त्याचाच आग्रह धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

योजना तयार झाली की काही आकडे डॉक्टरांना जरूर विचारावेत. २० ग्रे किंवा त्याहून जास्त डोस निरोगी फुप्फुसाच्या किती भागाला जातोय? हा भाग ३५ टक्क्यांच्या आत हवा. फुप्फुसांचा सरासरी डोस २० ग्रेच्या आत हवा. मज्जारज्जूला कुठल्याही बिंदूवर ५० ग्रेच्या वर जाता कामा नये. बरेच डॉक्टर ४५ वरच थांबतात. अन्ननलिकेचा सरासरी डोस ३४ ग्रेच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, पण लिम्फ नोड तिला चिकटून असले तर ते नेहमीच साधत नाही. फुप्फुसाचे आकडे बसतच नसतील तर आधी दोन किंवा तीन किमो देऊन गाठ लहान करायची आणि मग शेक द्यायचा, हा शहाणपणाचा मार्ग आहे. त्याला दुय्यम उपचार समजून खट्टू होऊ नये.

औषधांच्या तीन जोड्या नेहमीच्या वापरातल्या आहेत. सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड: सिस्प्लॅटिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम १, ८, २९ आणि ३६व्या दिवशी, इटोपोसाइड ५० मिलिग्रॅम १ ते ५ आणि २९ ते ३३ या दिवशी. कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल आठवड्यातून एकदा: पॅक्लिटॅक्सेल चौरस मीटरला ४५ ते ५० मिलिग्रॅम आणि कार्बोप्लॅटिन एयूसी २ (औषधाचा रक्तात एकूण किती प्रभाव हवा त्याचं माप). स्क्वेमस (चपट्या पेशींचा) नसलेल्या कर्करोगात सिस्प्लॅटिन ७५ आणि पेमेट्रेक्सेड ५०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. पेमेट्रेक्सेडच्या किमान सात दिवस आधी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२चं इंजेक्शन सुरू करावं लागतं, नाहीतर रक्तपेशी आणि तोंडाचं अस्तर दोन्हींवर ते औषध फार कडक पडतं. ही तयारी विसरल्यामुळे पहिला डोस पुढे ढकलावा लागतो.

कार्बोप्लॅटिनचा हिशोब शरीराच्या आकारावर न होता मूत्रपिंडाच्या कामावर होतो. क्रिएटिनिन क्लिअरन्समध्ये (मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त गाळतं त्याचा अंदाज) २५ मिळवायचे आणि एयूसीने गुणायचं. क्लिअरन्स ७५ असेल तर ७५ अधिक २५, गुणिले २, म्हणजे २०० मिलिग्रॅम. सिस्प्लॅटिनला क्लिअरन्स साधारण ६०च्या वर लागतो. कानात आधीच आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा हृदय कमजोर असल्यामुळे भरपूर सलाईन झेपणार नसेल तर सिस्प्लॅटिन टाळावं. सत्तरी ओलांडलेल्यांना सरसकट नकार देऊ नये. जपानमधल्या जेसीओजी ०३०१ चाचणीत सत्तरीपुढच्या रुग्णांना पहिल्या २० शेकांबरोबर रोज चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम कार्बोप्लॅटिन दिलं. नुसत्या शेकाने मध्यमान आयुष्य १६.९ महिने होतं, ते २२.४ वर गेलं. एक धोका इथेच नोंदवतो: जेमसिटाबिन छातीच्या शेकासोबत पूर्ण डोसात देत नाहीत, त्याने फुप्फुस आणि अन्ननलिका दोन्ही जळतात. बेव्हॅसिझुमॅबही नको. त्याने श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडल्याची उदाहरणं आहेत.

पहिले दोन आठवडे बहुतेकांना सोपे जातात. मळमळीवर आता चांगली औषधं आहेत: ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, अॅप्रेपिटंट आणि रात्री ५ मिलिग्रॅम ओलान्झापिन. शेवटचं औषध गुंगी आणतं, म्हणून ते निजतानाच घ्यायचं. या दिवसांत घरच्यांना वाटतं, ‘एवढं काही अवघड नाही.’ खरं तर तयारी याच दिवसांत करून ठेवायची असते.

तिसऱ्या आठवड्यात, साधारण दहाव्या-बाराव्या शेकानंतर, गोळी छातीच्या मध्ये अडकून बसल्यासारखं वाटू लागतं. मग घास उतरताना टोचतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात साध्या पाण्याचा घोटसुद्धा उरोस्थीमागून जळत खाली जातो, पाठीत कळ येते आणि रुग्ण पाणी पिणंच टाळायला लागतो. इथे घसरण फार भराभर होते. पाणी कमी, म्हणून अशक्तपणा. अशक्तपणामुळे खाणं कमी. वजन उतरतं, आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘दोन-चार दिवस शेक थांबवू या.’ सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड चालू असेल तर आणखी एक पेच असतो. २९व्या आणि ३६व्या दिवसाचं सिस्प्लॅटिन नेमकं पाचव्या-सहाव्या आठवड्यात येतं, म्हणजे गिळणं सर्वांत अवघड असतं तेव्हाच. शरीर आधीच कोरडं पडलेलं असताना हे औषध गेलं की क्रिएटिनिन चढतं. त्यामुळे २९व्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं. तोंडाने दोन लिटर पाणी जात नसेल तर डे-केअरमध्ये सलाईन लावून घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

गिळण्याच्या दुखण्यावर पायरीपायरीने जावं. पहिली टोच जाणवली त्याच दिवशी आम्ल कमी करणारी गोळी आणि अँटासिड सुरू करावं, वाट बघत बसू नये. पुढची पायरी म्हणजे लिग्नोकेन मिसळलेलं दाट पातळ औषध. जेवणाच्या १०-१५ मिनिटं आधी ते हळूहळू गिळायचं, वरून लगेच पाणी प्यायचं नाही. त्याने घसा बधिर होतो, म्हणून त्यानंतर गरम काही घेऊ नये आणि घाईने गिळू नये. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेवढ्याने भागलं नाही तर पातळ स्वरूपातलं मॉर्फिन. ‘मॉर्फिन’ म्हटलं की घरचे दचकतात, पण इथे ते थोड्या आठवड्यांपुरतं असतं आणि त्यामुळेच रुग्ण खाऊ शकतो. त्याबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवंच. मॉर्फिन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही बद्धकोष्ठ करतात, आणि चार दिवस पोट साफ झालं नाही की खाणं आपोआप बंद होतं.

दुखणं एका रात्रीत अचानक वाढलं तर बुरशीची शंका घ्यावी. किमोबरोबर स्टेरॉइड जातं, पांढऱ्या पेशी कमी असतात, अशा वेळी अन्ननलिकेत कॅन्डिडा धरतो. तोंडात पांढरे डाग दिसलेच पाहिजेत असं नाही. फ्लुकोनॅझोलने तीन-चार दिवसांत फरक पडतो, आणि तो न दिल्यामुळे विनाकारण मॉर्फिन वाढवत नेलं जातं.

खाण्याचं गणित वजनावर करावं. किलोमागे साधारण ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला १,८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. हे तीन जेवणांत जात नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं द्यावं लागतं. मऊ, ओलसर, कोमट. तिखट, आंबट, कोरडं, खरबरीत काही नको. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करून लिहून ठेवा. सुरुवातीच्या वजनापेक्षा ५ टक्के उतरलं की आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांशी अन्न देण्याच्या नळीबद्दल बोलायला हवं. १० टक्क्यांपर्यंत थांबू नये. वजन उतरल्यावर शरीराचा आकारही बदलतो आणि मूळ आखणी जुळेनाशी होते.

आखणी जुळेनाशी होण्याचं आणखी एक कारण आहे. गाठीने श्वासनलिकेची फांदी दाबून फुप्फुसाचा एक भाग मिटलेला असेल, तर गाठ आकसली की तो भाग पुन्हा फुलतो. मग गाठ आपल्या जागेवरून दोन-तीन सेंटिमीटरही सरकू शकते. रोज शेकाआधी मशीनवरच जो छोटा सीटी घेतात त्यात हे दिसतं, आणि तेव्हा नवं नियोजन करावंच लागतं. त्यात जाणारे एक-दोन दिवस वाया गेले असं मानू नये.

रक्ताची तपासणी दर आठवड्याला. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी म्हणून किमोचा डोस चुकला की शेकही थांबवायचा, असं रुग्ण परस्पर ठरवतात. ते दोन वेगळे निर्णय आहेत. किमो पुढे ढकलली तरी शेक सहसा चालू ठेवतात. ताप असेल किंवा पेशी फारच खाली गेल्या असतील तरच डॉक्टर तो थांबवतात. १००.४ फॅरनहाइटला, म्हणजे ३८ सेल्सिअसला, ताप पोचला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. सुट्टीमुळे किंवा मशीन बंद पडल्यामुळे एखादा शेक चुकला तर शनिवारी भरून काढता येतो, किंवा एका दिवशी किमान ६ तासांच्या अंतराने दोन वेळा देता येतो. हे स्वतःहून विचारून घ्यावं. आपोआप होईलच असं नाही.

स्मॉल सेल प्रकार छातीच्या एका बाजूपुरता मर्यादित असेल तर पद्धत थोडी वेगळी. सिस्प्लॅटिन-इटोपोसाइडच्या चार फेऱ्या, आणि शेक पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीबरोबरच सुरू. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसातून दोनदा १.५ ग्रे, तीन आठवड्यांत ४५ ग्रे, असा शेक घेतलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते. तेवढाच डोस रोज एकदा घेतलेल्यांपैकी १६ टक्के. नंतर २०१७ साली कन्व्हर्ट चाचणीने रोज एकदा ६६ ग्रेपर्यंतच्या शेकाशी तुलना केली, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. दिवसातून दोनदा येणं जमत असेल तर माझा कल तिकडे आहे, कारण सगळं तीन आठवड्यांत आटोपतं. २०२४च्या एड्रियाटिक चाचणीनंतर इथेही पुढे ड्युर्व्हॅल्युमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारं औषध देतात. त्यात मध्यमान आयुष्य ३३.४ वरून ५५.९ महिन्यांवर गेलं.

नॉन-स्मॉल सेलमध्ये हे औषध आधीच रुळलं. शेक संपल्यावर आजार वाढलेला नसेल तर ४२ दिवसांच्या आत ड्युर्व्हॅल्युमॅब सुरू करून वर्षभर द्यायचं. पॅसिफिक चाचणीत ५ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ३३.४ वरून ४२.९ टक्क्यांवर गेलं. म्हणून शेवटच्या शेकानंतरचा सीटी दोन-तीन आठवड्यांतच ठरवून ठेवावा. शेकासोबतच हे औषध सुरू करून पाहिलं गेलं, पण त्याने अधिक फायदा झाला नाही. शेकानंतर नुसती आणखी किमो देत राहण्याचाही उपयोग दिसलेला नाही. ईजीएफआरचा बदल सापडलेल्यांनी मात्र ड्युर्व्हॅल्युमॅबकडे जाऊ नये, त्यांना त्याचा लाभ फारसा होत नाही. त्यांच्यासाठी ओसिमर्टिनिब ही त्या बदलावर नेमकं काम करणारी गोळी आहे: २०२४च्या लॉरा चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यमान काळ ५.६ वरून ३९.१ महिन्यांवर गेला. ड्युर्व्हॅल्युमॅब दिल्यानंतर लगेच ओसिमर्टिनिब दिलं तर फुप्फुसाच्या दाहाचा धोका वाढतो. तपासणीचा अहवाल येण्याआधी घाईने ड्युर्व्हॅल्युमॅब सुरू करू नये, ते याचसाठी.

फुप्फुसाचा दाह शेक संपल्यावर महिना ते तीन महिन्यांत येतो, कधी सहा महिन्यांपर्यंतही. कोरडा खोकला, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, बारीक ताप. नेमका तेव्हा रुग्ण घराजवळच्या डॉक्टरांकडे जातो आणि ते न्यूमोनिया समजून प्रतिजैविकं देत बसतात. त्या डॉक्टरांना ‘छातीला ६० ग्रे शेक अमुक तारखेला संपला’ हे लिहिलेला कागद दाखवा. जंतुसंसर्ग, फुप्फुसातली रक्ताची गुठळी आणि आजार परत येणं या तिन्ही शक्यता तपासल्यावर प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करतात आणि ६ ते १२ आठवड्यांत हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या की खोकला आणि धाप पुन्हा उसळतात.

आणि त्यानंतरचा सीटी. शेक जिथून गेला तिथे फुप्फुसात पांढरा पट्टा उमटतो. त्याची कड सरळ असते आणि तो फुप्फुसाच्या भागांच्या नैसर्गिक सीमा पाळत नाही, कारण तो किरणांच्या वाटेने तयार झालेला असतो. अहवालात ‘कन्सॉलिडेशन’ किंवा ‘फायब्रोसिस’ वाचून घर हादरतं. पहिल्या तीन महिन्यांत पेट स्कॅनवरही तो भाग चमकतो, तेव्हा त्या घाईत पेट करून घेऊ नये. नियोजनाच्या वेळचे डोसचे नकाशे आणि नवा सीटी शेजारी ठेवून बघायला रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगा. पट्टा डोसच्या सीमेत बसत असेल आणि पुढच्या सीटीत आकसत असेल तर तो व्रण आहे. त्यात गोल फुगीर काठ दिसू लागला किंवा तो सीमेबाहेर वाढू लागला तर बायॉप्सीची वेळ आली.